आमची वाटचाल : काच, रबर आणि चार बोल्ट

डॉक्टरांच्या लाल एमजीबीची, म्हणजे जुन्या इंग्लिश मोटारीची, पुढची काच आम्ही बसवली. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण नाशकात ती समोरच्या दुकानाने बसवली असं सांगितलं जातं आणि इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं.

गाड्यांच्या काचा बसवायचं आमचं दुकान 1994 चं. द्वारकेजवळ पत्र्याची शेड, गोधडी अंथरलेलं लाकडी टेबल, काच कापायची एक हिरकणी आणि मामा. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, भद्रकालीत त्यांना सगळेच मामा म्हणत. भांडवल माझं, हात त्यांचे, नफा निम्मा-निम्मा. कागद कधी केला नाही आणि कधी गरजही पडली नाही.

तेव्हा जास्त काम जीपचं. जीपची काच सपाट, ती दुकानातच कापायची. लॅमिनेटेड काच कापणं काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, साधारण 0.76 मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंनी हिरकणी एकाच रेषेवर फिरली पाहिजे, मग ठोका देऊन दोन्ही काचा रेषेवर फोडायच्या. पापुद्रा तेवढा धरून राहतो. त्या फटीत स्पिरिट सोडून पेटवायचं आणि पापुद्रा मऊ झाला की ब्लेड फिरवायचं. मामा स्पिरिट बाटलीच्या बुचाने मोजत. एका बुचात काम झालं पाहिजे. दुसरं लागलं की ते दिवसभर गप्प असायचे.

फियाटची काच रबरात. रबराच्या खाचेत सुतळी बसवायची, साबणाचं पाणी लावायचं, आत बसलेल्याने सुतळी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवायची आणि बाहेरच्याने तळहाताने थोपटायचं. मुठीने नाही. नव्या पोरांना मी आजही आधी सुतळी देतो, सक्शन कप नंतर. पुढे चिकटवलेल्या काचा आल्या, त्या चिकटवायचं पीयू (पॉलियुरेथेन) आलं, ते कापायची तार आली. तेही शिकलो. धंदा बरा चालला.

मग आमच्या समोरच्या बाजूला एक दुकान उघडलं. मोठी काचेची दर्शनी बाजू, बसायला सोफे, एसी. त्याचं मला वाईट वाटलं नाही, धंदा कोणीही करावा. पण शोरूमच्या माणसांना आणि गाडीमालकांना त्या दुकानदाराने सांगायला सुरुवात केली की आमच्याकडे डुप्लिकेट काच मिळते. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का असतो. मी गिऱ्हाइकाचं बोट धरून तो दाखवायचो. पण जो गिऱ्हाईक दुकानात आलाच नाही, त्याला काय दाखवणार? विम्याची कामं वर्षभरात निम्म्यावर आली.

ती तूट भरायला मी उन्हासाठी काचेवर चिकटवायच्या फिल्मचं काम वाढवलं. नाशिकचा उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून मार्च 2012 मध्ये उधारीवर रोल भरले. 27 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि 4 मेपासून गाड्यांच्या काचांना कुठलीही फिल्म लावायला बंदी झाली. पुढच्या आणि मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आरपार जायला हवा हा नियम आधीपासून होता, आम्ही त्यात बसणारी फिल्मही ठेवायचो. निकालाने तीही गेली. त्या मे महिन्यात दुकानासमोर रांग लागली ती फिल्म काढून घेणाऱ्यांची. आम्हीच लावलेली फिल्म आम्हीच ब्लेडने खरवडत होतो, आणि बरेच जण त्याचे पैसे द्यायलाही तयार नव्हते. रोल माळ्यावर पडून. व्यापाऱ्याचे फोन. शेडचं पाच महिन्यांचं भाडं थकलं. मामांना तेव्हा डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. ते हिशेबाला बसले आणि म्हणाले, "माझा वाटा यंदा धरू नका."

डॉक्टर त्याच पावसाळ्यात आले. गंगापूर रोडला त्यांचा दवाखाना. 1996 पासून त्यांच्या घरची प्रत्येक काच आमच्याकडे, फियाटपासून. एमजीबी त्यांनी देवळालीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलेली. ही गाडी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला 1962 ते 1980 बनली. डॉक्टरांची 1974 च्या आधीची, क्रोम बंपरची, उघड्या टपाची. कसाऱ्याच्या घाटात डंपरच्या चाकाखालचा खडा उडाला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडा थेट वरपर्यंत गेला.

डॉक्टर बाहेरगावी असताना त्यांच्या मुलाने गाडी आधी समोरच्या दुकानात नेली होती. तिथे कोणीतरी फ्रेमच्या कोपऱ्यातल्या स्क्रूवर हातोडा चालवला, त्याची खाच घालवली आणि "ही काच भारतात होत नाही" म्हणून गाडी परत दिली. तो घालवलेला स्क्रू मी पाहिला तेव्हा मला तड्यापेक्षा त्याचा जास्त राग आला.

तडा गेला म्हणजे काच लॅमिनेटेड हे उघड होतं. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, असती तर मोहरीसारखी सांडली असती. तिला गोलाई आहे, त्यामुळे जीपसारखी कापून भागणार नव्हतं. या गाडीची काच पत्र्यात बसत नाही, ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसते आणि अख्खी फ्रेम गाडीवरून उतरवावी लागते. दोन्ही बाजूंचे खांब दोन-दोन बोल्टवर उभे, बोल्ट डॅशबोर्डच्या मागे. पाने इंचाच्या मापाचे लागतात. मेट्रिक पाना लावला की बोल्टची डोकी गोल होतात. खांबाखाली पॅकिंगच्या पट्ट्या असतात. कुठल्या बाजूला किती निघाल्या ते मी वहीत लिहिलं, प्रत्येक पट्टीला दोरा बांधून चिठ्ठी लावली. त्या उलटसुलट झाल्या की फ्रेम पिळते आणि नवी काच महिन्याभरात तडकते.

फ्रेम उतरवली, पण कोपऱ्यांचे स्क्रू हलेनात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला लोखंडी स्क्रू, त्यात चाळीस वर्षांचं पाणी. दोन्ही धातू एकमेकांना खातात आणि पांढरी भुकटी धरून घट्ट बसतात. तीन दिवस तेल सोडत राहिलो, मध्ये मध्ये शेक दिला. सगळे निघाले, तो एक हातोडा खाल्लेला सोडून. तो ड्रिलने पोखरून काढला आणि नवा आटा पाडला. त्या एका स्क्रूला अख्खी दुपार गेली.

काच इंग्लंडहून मागवायची होती. डॉक्टरांनी पूर्ण रक्कम आगाऊ दिली. त्यातले काही पैसे मी शेडच्या भाड्याला भरले. हे आजवर घरचे आणि डॉक्टर यांच्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. काच येईल, बसेल, मजुरीतून खड्डा भरून निघेल असा हिशेब होता. लाकडी पेटी आली, उघडली, तर काच कोपऱ्यातून फुटलेली. पेटीवर बाहेरून ओरखडाही नव्हता, त्यामुळे भरपाई कोणी मान्य करेना.

मी स्प्लेंडर विकली, रोल पडत्या भावात दिले आणि दुसऱ्या काचेचे पैसे पाठवले. मग डॉक्टरांकडे जाऊन भाड्याचं खरं सांगितलं. ते दवाखान्यात पेशंट तपासत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी कुठे पळून चालली आहे? तुम्ही सावकाश करा." दुसऱ्या काचेचा निम्मा खर्च त्यांनी मी न मागता पाठवून दिला.

दुसरी काच धड आली. काचेच्या कडेला रबर चढवलं, खालची-वरची पट्टी बसवली, पण बाजूचे खांब शेवटचे चार-पाच मिलिमीटर आत येईनात. इथे जोर लावला की काच गेली. मामा स्टुलावर बसून ऐकत होते. म्हणाले, "सुताराचा शिकंजा आण." दोन शिकंजे आणले, दाढांना कापड गुंडाळलं, रबराला शाम्पूचं पाणी लावलं आणि पाव-पाव आटा फिरवत दोन्हीकडून दाबत गेलो. मध्येच करकरलं की मामा हात वर करायचे, मी थांबायचो. चारही कोपऱ्यांचे स्क्रू हाताने लागले.

फ्रेम गाडीवर उतरवताना खालच्या रबरपट्टीची कड आत दुमडत होती. तशीच बसली असती तर पावसाचं पाणी थेट मांडीवर. मी फियाटची सुतळी घेतली, कडेखाली घातली आणि फ्रेम खाली येत असताना हळूहळू पुढे ओढून घेतली. कड बरोबर बाहेर आली. पट्ट्या चिठ्ठीप्रमाणे, चार बोल्ट, मधला आरशाचा दांडा. दोन बादल्या पाणी ओतलं, आत थेंब नाही.

पुढच्या हिवाळ्यात जुन्या गाड्या शहरातून फिरल्या, त्यात डॉक्टरांची लाल गाडी होती. आठवड्याभरात समोरच्या दुकानावर फ्लेक्स लागला : तीच गाडी, तिची चकचकीत काच आणि खाली त्या दुकानाचं नाव. मी रस्ता ओलांडून गेलो आणि विचारलं. उत्तर मिळालं, "गाडी आमच्याकडे आली होती ना? खोटं काय आहे?" फ्लेक्स वर्षभर होता. आजही कोणी जुनी गाडी घेऊन येतं आणि म्हणतं, ती एमजीबी त्यांनीच केली ना? पट्ट्यांची वही माझ्या गल्ल्यात आहे. ज्याला पाहायची त्याने यावं.

ज्यांच्याकडे उघड्या टपाच्या गाड्या आहेत त्यांना सांगतो, बसता-उठताना काचेच्या फ्रेमला धरू नका. सगळ्यांना तीच सवय असते, आणि त्यामुळेही काचेला तडे जातात. बारीक टवका उडाला असेल तर मे महिन्यात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. चिकटवलेली काच बदलली असेल तर पहिला दिवस एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या पीयूवर जातो. आणि कारागीर घाई करत असेल तर त्याला चहा पाजा, पण घाई करू देऊ नका.

मामा 2017 ला गेले. डॉक्टर आता गाडी चालवत नाहीत, दसऱ्याला त्यांचा मुलगा झेंडूची माळ घातलेली गाडी घेऊन येतो, आणि येतो तो आमच्याच दुकानात. सध्या टेबलावर एका फियाटची मागची काच आहे. रबर मुंबईहून ऑपेरा हाऊसमधून आलं ते आखूड निघालं, दुसरं सोमवारी येईल.