एबीआर पडला तर सोपं, एरिया दुभंगला तर अवघड: ओएसपीएफ लॅबची प्रगती

ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी आपसांत माहिती वाटून वाटा ठरवण्याचा प्रोटोकॉल. बिघाड झाला की तो कसा वागतो हे बघायच्या माझ्या लॅबची रचना आता पक्की झाली. सगळे राउटर एफआरआरच्या (मुक्त राउटिंग सॉफ्टवेअर) कंटेनरमध्ये. ओएसपीएफ नेटवर्कचे एरिया नावाचे भाग पाडतो. एरिया ० (बॅकबोन, म्हणजे मधला कणा) मध्ये एक कोर राउटर, त्याला दोन एबीआर (दोन एरियांच्या सीमेवरचे राउटर) सारख्याच कॉस्टने (वाटेचा खर्च) जोडलेले. एबीआर-१ च्या खाली आर-११, एबीआर-२ च्या खाली आर-१२, आणि या दोघांमध्ये एक लिंक. हा झाला एरिया १. दोन्ही एबीआरवर १०.१.०.०/१६ ची एरिया रेंज लावली आहे, म्हणजे आतले छोटे पत्त्यांचे गट वेगवेगळे न सांगता बाहेर हा एकच मोठा गट सांगायचा.

आधी एबीआर-१ पाडून बघितला. कंटेनर स्टॉप केला की व्हीइथची (कंटेनर जोडणारी आभासी केबल) जोडीच नाहीशी होते, शेजाऱ्याला लिंक डाउन लगेच कळतं आणि कन्व्हर्जन्स (नव्या वाटा ठरणं) उगाचच वेगवान दिसतो. पॉज केला तर ओएसपीएफ गोठतो, पण कर्नल पॅकेट पुढे पाठवतच राहतो. राउटर खरोखर गुपचूप मेलेला हवा असेल, तर टीसी नेटेमने (लिनक्सवर नेटवर्कचा बिघाड नकली घडवणारं साधन) त्याच्या सगळ्या इंटरफेसवर १०० टक्के लॉस लावा. दर १० सेकंदांनी हॅलो संदेश आणि ४० सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी मेला (डेड) असे डीफॉल्ट टायमर असतील, तर शेजाऱ्याला पत्ता लागायला ३० ते ४० सेकंद जातात आणि त्या वाटेचे फ्लो (पॅकेटचे प्रवाह) तोवर वाया. बीएफडी, म्हणजे शेजारी जिवंत आहे का हे झपाट्याने तपासणारा प्रोटोकॉल, लावल्यावर (दर ३०० मिलिसेकंदांनी तपासणी, मल्टिप्लायर ३) हेच काम सेकंदाच्या आत होतं.

यानंतर कोरवर समरी एलएसएचा (एबीआरने दुसऱ्या एरियातल्या पत्त्यांबद्दल दिलेल्या नोंदी) डेटाबेस जरूर उघडून बघा. मेलेल्या एबीआर-१ च्या नोंदी तिथे तशाच पडून असतात, नुसतं वय वाढत जातं. ३६०० सेकंद भरेपर्यंत त्या जात नाहीत. पण एसपीएफच्या (सर्वांत स्वस्त वाट काढणाऱ्या) गणितात तो राउटर पोहोचण्याजोगाच उरलेला नसतो, म्हणून त्या नोंदी विचारातच घेतल्या जात नाहीत. मला हा भाग फार आवडतो.

खरा पेच पुढे आला. दोन्ही एबीआर जिवंत ठेवून फक्त आर-११ ते आर-१२ ही लिंक तोडली. आर-११ मागच्या १०.१.५.०/२४ मधले काही पत्ते कोरवरून पिंग होतात, काही होत नाहीत! कारण असं: दोन्ही एबीआरकडे रेंजमधलं काही ना काही शिल्लक आहे, म्हणून दोघंही अख्ख्या /१६ ची जाहिरात करत राहतात. कोर ईसीएमपीने (सारख्या कॉस्टच्या अनेक वाटा एकदम वापरणं) फ्लो दोघांत वाटतो. एबीआर-२ कडे आलेल्या पॅकेटला १०.१.५.० चा नेमका रूट सापडत नाही, आणि रेंजसाठी बसवलेला डिस्कार्ड रूट (पॅकेट टाकून देणारी नोंद) ते गिळून टाकतो. रेंज काढली की एबीआर-१ नेमका /२४ बॅकबोनवर सांगतो आणि ट्रॅफिक त्याच्याच वाटेने पोहोचतं. आरएफसी २३२८ (ओएसपीएफचं अधिकृत मानक) मध्येही बजावलं आहे की एरिया दुभंगला तर एक रेंज दोन तुकड्यांत विभागलेली नसावी.

रेंज ठेवायचीच असेल तर दोन्ही एबीआरमध्ये थेट लिंक हवी, आणि ती एरिया १ मध्येच हवी. एरिया ० मध्ये टाकून उपयोग नाही, कारण बॅकबोनवर तीच /१६ दिसते. लिंक एरिया १ मध्ये घेतली आणि सगळे पिंग परतले.

मात्र एखाद्या एबीआरची कोरकडची लिंक तुटली तर एरिया ० मध्येही जोडणी लागेल. पुढची पायरी तीच: दोन एबीआरमधल्या त्याच लिंकवर दोन व्हीलॅन (एकाच लिंकवरची वेगळी आभासी नेटवर्क), एक एरिया ० चं, एक एरिया १ चं. आरएफसी ५१८५ मध्ये एकाच लिंकवर अनेक एरियांची अ‍ॅडजेसन्सी (राउटरांमधलं शेजारीपण) दिलेली आहे, पण लॅबला व्हीलॅन पुरेत. कोणी हे केलं असेल तर कॉस्ट कशी ठेवलीत ते जरूर सांगा.