पंधरा मिनिटांसाठी पोलंड

४ जानेवारी

आज सकाळी चहा घेताना सौ.ने पाटीवर मांडावा तसा स्वच्छ हिशेब मांडला. "अहो, एक शर्यत एका मिनिटाची. अशा शर्यती पंधरा. म्हणजे पंधरा मिनिटांची गंमत पाहायला तुम्ही पोलंडला जाणार?" हिशेबात चूक नव्हती. स्पीडवे म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकलींची शर्यत. तो ट्रॅक साधारण सव्वातीनशे मीटरचा असतो, चार स्वार त्याच्या चार फेऱ्या मारतात आणि मिनिटभरात सारे आटोपते. दोन संघांचा पूर्ण सामना पंधरा शर्यतींचा असतो. उरलेला वेळ ट्रॅक्टरने माती सारखी करण्यात, टँकरने पाणी मारण्यात आणि दुसऱ्या चौघांनी येऊन उभे राहण्यात जातो. मी तिला एवढेच म्हणालो की पाच दिवसांच्या कसोटीपेक्षा हे स्वस्तच पडते. तिने कप उचलले आणि ती आत गेली.

हे खूळ डोक्यात शिरले ते भाच्यामुळे. तो पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला शिकायला गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने मोबाइलवर टिपलेली वीस-पंचवीस सेकंदांची एक चित्रफीत पाठवली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये लेथजवळ उभा राहून मी ती पाहिली, आणि पुन्हा पाहिली, कारण मी जे पाहत होतो ते मला यंत्राच्या भाषेत पटत नव्हते. गाडी डावीकडे वळत होती आणि तिचे पुढचे चाक उजवीकडे होते. मागचे चाक बाहेरच्या बाजूला घसरत होते आणि स्वार थ्रॉटल कमी करण्याऐवजी ती धरूनच होता. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, या गाडीला ब्रेकच नाही." आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त केलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवल्यावर तो स्वस्थ बसेल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

नंतर मिळेल ते वाचले. पाचशे सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन, इंधन म्हणून मिथेनॉल, गिअर एकच, मागे सस्पेन्शन नाही, ब्रेक नाही. गाडीचे वजन नियमाप्रमाणे किमान ७७ किलो. माझ्या दारातली बुलेट जवळजवळ दोनशे किलोची आहे. स्वाराच्या डाव्या बुटाला पोलादी तळ बसवलेला असतो, कारण वळणावर तो पाय मातीवरून घसरवत न्यावा लागतो. गती आटोक्यात ठेवायची ती मागच्या चाकाच्या घसरण्यानेच. भर वळणावर घाबरून थ्रॉटल एकदम सोडली, तर चाक अचानक पकड घेते आणि गाडी सरळ होऊन कुंपणाकडे झेपावते. जत्रेत लाकडी विहिरीच्या भिंतीवर मोटारसायकल फिरवणारे लोक मी लहानपणी भान हरपून पाहिले आहेत. पण ते एकटे फिरायचे. इथे चौघे एकाच वळणावर, एकाच वेळी, एकमेकांच्या कोपरापाशी येतात.

११ जानेवारी

भाच्याशी दीड तास बोलणे झाले. तो म्हणतो, पहिल्यांदा येत आहात तर वॉर्साच बघा. तिथल्या राष्ट्रीय स्टेडियमवर जागतिक अजिंक्यपदाची ग्रांप्री फेरी भरली की पन्नास हजारांहून जास्त माणसे जमतात, आणि मुख्य म्हणजे त्या स्टेडियमला उघडझाप करणारे छत आहे, त्यामुळे पावसाची भीती नाही. ही शेवटची गोष्ट मला अधिक विचारात पाडून गेली. मातीच्या ट्रॅकवर पाऊस पडला की सामना पुढे ढकलला जातो. मी इकडून व्हिसा काढून, विमानाचे पैसे भरून, रजा नसलेल्या धंद्यातून रजा काढून जायचे आणि सामना आठ-पंधरा दिवसांनी होणार म्हणून परत यायचे, हे दृश्य डोळ्यांपुढून हलेना. जूनच्या पावसाची वाट पाहण्यात माझे सारे आयुष्य गेले. आता जूनमध्ये पाऊस पडू नये म्हणून देवाला सांगायची वेळ आली आहे.

तरीही वॉर्सा मनात बसत नाही. तिथला ट्रॅक तात्पुरता असतो. हजारो टन माती ट्रकांनी आणून चार-दोन दिवसांत पसरतात आणि शर्यत संपली की उचलून नेतात. १८ एप्रिल २०१५ रोजी तिथे पहिल्यांदा ग्रांप्री झाली, तेव्हा काय घडले ते वाचून माझ्यासारख्या कारागिराला लाजच वाटली. तोमाश गोलोब या त्यांच्या लाडक्या स्वाराला निरोप द्यायला स्टेडियम भरले होते. आधी सुरुवातीच्या फिती वर उचलणारे यंत्र बिघडले, मग ट्रॅक उखडला, आणि बारा शर्यतींनंतर सगळा कार्यक्रम गुंडाळावा लागला. पुढच्या वर्षांत तिथे सोहळे नीट झाले, हेही खरे. पण मला खेळ पाहायचा आहे तो जिथे ती माती कायमची आहे अशा गावात.

असे गाव म्हणून मी लेश्नो ठरवत आलो आहे. पोझनान आणि व्रोत्स्वाफ यांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरचे, साधारण साठ-पासष्ट हजार वस्तीचे हे गाव. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढे. त्यांच्या ऊनिया लेश्नो संघाने पोलंडचे सांघिक अजिंक्यपद १८ वेळा मिळवले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही क्लबने मिळवलेले नाही. मैदानाला नाव आहे अल्फ्रेड स्मोचिकचे, जो १९५० साली ऐन उमेदीत मोटारसायकल अपघातात गेला. संघाला लोक 'बिकी' म्हणतात, म्हणजे बैल. कोल्हापूरच्या माणसाने बैलांच्या बाजूने ओरडायचे नाही तर कोणाच्या?

भाच्याच्या घरापासून लेश्नो रेल्वेने तासाभराचे आहे. तो नाइलाजाने "बरं मामा" म्हणाला, पण त्याच्या आवाजात पावसाचे ढग होते.

२५ जानेवारी

पोलिश भाषेत या खेळाला 'झूझेल' म्हणतात. शब्दाचा अर्थ आहे भट्टीतून निघणारी खंगर, जी पूर्वी या ट्रॅकवर पसरत असत. फौंड्रीच्या गावात वाढलेल्या माणसाला ते नाव कळायला शब्दकोश लागत नाही. आमच्या शिरोलीच्या रस्त्यावर किती वर्षे आम्ही याच झूझेलवरून सायकली घसरवल्या. आता ट्रॅकवर दगडाची बारीक कच असते, पण नाव तेच राहिले.

खेळ मूळचा त्यांचा नाही. तो १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आकाराला आला, १९२८ मध्ये इंग्लंडला पोहोचला आणि तिथे भरभराटला. पोलंडमध्ये सांघिक लीग १९४८ पासून आहे. मात्र त्यांच्यातला पहिला जगज्जेता निघायला १९७३ उजाडले, आणि तो प्रसंग मी भाच्याला इतक्या वेळा सांगितला आहे की आता तोच मला तो मध्येच तोडून पूर्ण करून दाखवतो. होझूफच्या प्रचंड स्टेडियमवर येझी श्चाकिएल आणि न्यूझीलंडचा इव्हान मॉगर यांचे गुण सारखे झाले. मॉगर म्हणजे त्या काळचा सम्राट. निर्णायक शर्यतीत तो श्चाकिएलच्या मागच्या चाकाला घासून पडला, आणि फारसे कोणी गृहीत न धरलेला एक मुलगा जगज्जेता झाला. त्यानंतर गोलोबने २०१० मध्ये जिंकेपर्यंत त्या देशाला ३७ वर्षे थांबावे लागले.

आता मात्र बार्तोश झ्मार्झलिकचे राज्य आहे. १९९५ चा जन्म, गोझूफच्या क्लबमध्ये घडलेला, नंतर लुब्लिनकडे गेलेला, आणि सहा वेळा जगज्जेता. त्याच्या जेतेपदांपेक्षा मला २०२३ मधली एक भानगड जास्त आवडते. डेन्मार्कमधल्या फेरीत त्याने नियमात न बसणारा पोशाख घातला म्हणून त्याला शर्यतींतून बादच केले. चांगली मोठी आघाडी एका संध्याकाळी वितळून सहा गुणांवर आली. मग शेवटच्या फेरीला तोरूनला जाऊन त्याने ते पद राखले. ब्रेक नसलेली गाडी सांभाळणारा माणूस कपड्यांपायी घसरतो, याचे मला फार बरे वाटते.

१ फेब्रुवारी

कागदपत्रांचा दिवस. पोलंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे व्हिसा शेंगेनचा, शुल्क ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बँकेची विवरणे, आयकराची कागदपत्रे, परतीचे आरक्षण, भाच्याचे पत्र. मागच्या वर्षी हे सारे गोळा करून झाल्यावर माझ्या लक्षात आले की पासपोर्टची मुदतच संपत आली आहे. परतल्यानंतर तीन महिने तरी ती शिल्लक असावी लागते. दोष सर्वस्वी माझा. लेथवर मायक्रोमीटरने मापे घेणारा माणूस स्वतःच्या पासपोर्टचे शेवटचे पान पाहत नाही, हे वाक्य सौ.ने त्यानंतर किमान दहा पाहुण्यांना ऐकवले आहे.

अर्जात प्रवासाचे कारण लिहायचे असते. 'पर्यटन' असे लिहिले. खरे कारण लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती.

वेळेची मांडणी अशी ठरली. लीगचे सामने बहुतेक शुक्रवारी आणि रविवारी असतात, म्हणून मुक्काम बारा दिवसांचा ठेवायचा, म्हणजे दोन रविवार हाताशी राहतात. पहिला लेश्नोचा. तो पावसात गेला तर दुसऱ्या आठवड्यात व्रोत्स्वाफच्याच ऑलिंपिक स्टेडियमवर स्पार्टा या तिथल्या संघाचा सामना पाहायचा. १९९५ मधली पहिली ग्रांप्री व्रोत्स्वाफलाच झाली होती आणि ती गोलोबने जिंकली होती, त्यामुळे ती जागाही काही कमी नाही. दोन्ही बुडाले, तर तोरूनला जाऊन कोपर्निकसचे घर पाहायचे आणि आल्याचा केक खायचा, असे भाचा म्हणतो. मी त्याला सांगितले की तोरूनला गेलो तर मोटोअरेना हे तिथले स्पीडवेचे मैदान पाहीन, कोपर्निकस थांबेल.

१५ फेब्रुवारी

सौ.ने आज प्रथमच गंभीरपणे विचारले की यात माणसे मरतात का. मरतात. मोटोअरेनाला ज्याचे नाव आहे, तो मारियान रोझे १९७० मध्ये शर्यतीतच गेला. व्रोत्स्वाफच्या ज्या ट्रॅकवर मी बसणार आहे, तिथे २०१२ मध्ये ली रिचर्डसन हा इंग्रज स्वार जखमी होऊन मरण पावला. गोलोब इतकी वर्षे स्पीडवेत टिकला आणि २०१७ मध्ये मोटोक्रॉसच्या सरावात पाठीचा कणा दुखावून चाकाच्या खुर्चीत बसला. आता वळणांवर हवा भरलेली कुंपणे असतात, त्यांनी पुष्कळ जीव वाचतात. मी हे सारे तिला सांगितले, कारण तिला अर्धवट सांगितलेले चालत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिकीट वळणाजवळचे काढू नका." वळणाजवळ बसणाऱ्यांच्या अंगावर चाकांनी उडवलेल्या मातीचा फवारा येतो, आणि नेहमीचे प्रेक्षक तो अभिमानाने झेलतात, ही माहिती मी सध्या स्वतःपाशीच ठेवली आहे.

वॉर्साला एक दिवस मात्र ठेवला आहे, तो शर्यतीसाठी नाही. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बहुतांश बायका-मुले, १९४३ ते १९४८ या काळात आमच्या वळिवड्याला राहिले. आज जिथे गांधीनगरची कापडाची बाजारपेठ आहे, तिथे त्यांच्या चाळी होत्या. माझे आजोबा त्या छावणीत सायकली दुरुस्त करायला जात आणि पोरे त्यांच्या हातातला पाना ओढून घेत, असे सांगत. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ मी लहानपणापासून पाहत आलो. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, ते एकदा पाहायचे आहे.

२२ फेब्रुवारी

आजचा रविवार सत्कारणी लागला. तिथे सामन्याला जाताना प्रत्येक जण छापील कार्यक्रमपत्रिका आणि पेन घेऊन बसतो, सूर्यफुलाच्या बिया सोलत प्रत्येक शर्यतीचा निकाल स्वतःच्या हाताने भरतो आणि शेजाऱ्याशी पडताळून पाहतो, असे भाच्याने कळवले आहे. शाळेच्या क्रिकेट संघाचा मी स्कोअरर होतो, त्यामुळे खरे सांगायचे तर या प्रवासात मला सगळ्यात हवी आहे ती ही पत्रिका. भाच्याने एक कोरी पाठवली. ती छापून घेतली आणि जुन्या सामन्याचे चित्रण लावून सरावाला बसलो.

प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार. यजमानांचे शिरस्त्राण लाल आणि निळे, पाहुण्यांचे पांढरे आणि पिवळे. पहिल्याला ३, मग २, १ आणि शून्य. एका शर्यतीत सहा गुण, पंधरांत नव्वद, म्हणजे ४६ झाले की सामना हातात आला. आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे आलेल्याच्या गुणावर एक चांदणी काढायची. दुसरी शर्यत पोरांची, म्हणजे कनिष्ठ स्वारांची. बाकी पोलिश शब्दांची आद्याक्षरे: फितीला स्पर्श केला तर 'त', गाडी बंद पडली तर 'द', पडला तर 'उ', बाद केला तर 'व'. मला वाटले होते की मी एकटाच बसेन, पण तिसऱ्या शर्यतीला सौ. भाजी निवडायची परात घेऊन शेजारी आली आणि पाचवीला पेन तिच्या हातात गेले, कारण मी चाकांकडे पाहत राहिलो आणि निळा कितवा आला ते माझ्याकडून निसटले. तिचे निसटले नव्हते.

सातव्या शर्यतीत पिवळा दुसऱ्या वळणावर आडवा झाला. बाकीचे तिघे पुढे निघून गेले आणि शर्यत चालूच राहिली. तिने 'उ' लिहिले. तो उठला, कपडे झटकले, गाडी उचलून आतल्या गवतावर नेली आणि प्रेक्षकांना हात केला. तिने लगेच 'उ' खोडायला पेन उचलले.

"उठला की तो," ती म्हणाली.

"उठला तरी 'उ'च राहतो," मी सांगितले.

तिने माझ्याकडे पाहिले, पेन खाली ठेवले आणि विचारले की शेंगेनच्या दुसऱ्या अर्जाला पुन्हा ९० युरोच पडतात का.