तुम्ही विचारलंत म्हणून: "हे खरंय काय ओ?"

पासपोर्ट साइझ काढायला आलेला माणूस दहा मिनिटं तरी थांबतो, आणि थांबलेला माणूस काउंटरच्या काचेखाली बघतोच. तिथं मी लग्नाची सॅम्पलं काढून जगातले भारी भारी फोटो लावून ठेवलेत, त्यामुळं "हे खरंय काय ओ?" हा प्रश्न सोलापुरात माझ्याइतका कुणी ऐकला नसेल. तर एकदाचं लिहूनच टाकतो.

फोटो बऱ्याचदा खराच असतो. गंडवते ती त्याच्याखालची ओळ.

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दिवाळीला लाल-निळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेला भारत येतो, खाली "दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला". मामा न चुकता टाकतात, मी न चुकता सांगतो, मामा अंगठा दाखवतात आणि पुढच्या वर्षी परत टाकतात. अहो ती दिवाळी पण नाही आणि एक रात्र पण नाही. अमेरिकेतल्या नोआ संस्थेच्या ख्रिस एल्विज या शास्त्रज्ञाने २००३ साली सॅटेलाइटचा वेगवेगळ्या वर्षांचा डेटा एकावर एक ठेवून ते केलं, पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ मधले, हिरवे १९९८ चे आणि लाल २००३ चे. म्हणजे कुठल्या गावात लाईट कधी वाढली ते दिसतं त्यात! नासाने २०१२ च्या दिवाळीतला खरा फोटो पण दिला होता, तो अगदी साधा, कारण आपल्या लायटिंगचा जादा उजेड इतका थोडा असतो की वरून कळतच नाही. तो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुसरा, दगड झालेल्या पक्ष्यांचा. टांझानियातला नेट्रॉन तलाव, फोटो निक ब्रँटचे, २०१३ ला जगभर फिरले, आणि खाली काय, तर "या पाण्याला शिवलं की दगड होतो". तसलं काही नाही. पाणी सोड्याचं, जबरदस्त खारं, मेलेले पक्षी त्याच्यात मुरून कडक होऊन काठाला लागलेले, त्याने ते उचलून फांदीवर जिवंत असल्यासारखे बसवले आणि हे त्याने स्वतः सांगितलंय, लपवलेलं नाही. त्याच तलावावर लाखो छोटे फ्लेमिंगो पिल्लं घालतात (आपल्या उजनीला येतात त्यांचेच भाऊबंद), त्यांचा दगड होत नाही मग?

पण मीच सगळं ओळखतो असं पण नाही. जून २०२० मध्ये एक पोरगा मोबाईल घेऊन आला, लोणारचं सरोवर गुलाबी झालेलं. मी नुसतं बघून म्हटलं फिल्टर आहे, पंधरा वर्षं कलर करेक्शन करतोय, मला शिकवतो काय बे. दोन दिवसांत सगळ्या पेपरात तेच. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे हॅलोआर्किया नावाचे जीव माजले, त्यांचा तो रंग. पोरगा मुद्दाम पेपर दाखवायला आला, त्या दिवशीचा चहा माझ्याकडून.

आणि काचेखालचा सगळ्यात जुना फोटो, अकरा कामगार लोखंडी बीमवर पाय सोडून जेवायला बसलेत. न्यूयॉर्क, रॉकफेलर सेंटर, ६९ वा मजला, तारीख २० सप्टेंबर १९३२. मागं एक मिलमधून रिटायर झालेले काका पेन्शनच्या कागदाला फोटो काढायला आले होते, ते चष्मा वर करून बराच वेळ वाकून बघत होते. मी नेहमीची टेप लावली की काका, कामगार खरे, उंची खरी, पण यांना तिथं मुद्दाम बसवलंय, नव्या बिल्डिंगच्या जाहिरातीसाठी.

"ते कळलं की. एवढे सगळे एका लायनीत बसलेत आणि मुकादम कुठंच नाही, तेव्हाच कळलं."

मग काचेवर डावीकडं बोट ठेवलं. तिथं एकजण पुढं झुकून शेजारच्याची सिगारेट पेटवून देतोय. इतकी वर्षं फोटो माझ्याच काउंटरवर, मी कधी नीट बघितलं नव्हतं.

"हे बसवलेलं नाही," काका म्हणाले. "माचिस एकाकडंच असणार. आमच्या खात्यात पण एकाकडंच असायची."

आठ कॉप्या घेतल्या, दोनदा मोजल्या आणि गेले.