शेवटची कुस्ती बारक्यांची

कोल्हापुरात कुस्तीचं मैदान पहिल्या कुस्तीपासून बघणारी माणसं थोडीच. दुपारच्या उन्हात नारळावरच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, तेव्हा हलगीवाला अजून हात गरम करत असतो, पब्लिक भेळेच्या गाड्यावर असतं, आणि माइकवरचा माणूस देणगीदारांची नावं वाचत असतो. आता खरं सांगतो, दिवसभरातलं सगळ्यात झटपट काम त्याच वेळी होतं. पट काय काढतात, ढाक काय लावतात! दिवे लागले की मग नंबर एकची जोड येते. शंभराच्या वरचे दोन गडी, कपाळाला कपाळ लावून खडाखडी, पंच दोनदा दम देणार, आणि शेवटी कुस्ती बरोबरीत. तरी दुसऱ्या दिवशी फोटो त्यांचाच.

मी त्या दुपारच्या पोरांतला. वस्ताद म्हणायचे, "डाव हाय रं तुझ्याकडं, अंग न्हाई." अंग काही आलं नाही. आता उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि रात्री जेवण झालं की फोनवर जपानी कुस्त्या बघतो. त्यातही हेवीवेट नाही. ज्युनिअर हेवीवेट. न्यू जपान प्रो-रेसलिंग या कंपनीत वजनाची रेघ १०० किलोवर आहे. तिच्या खालचे सगळे ज्युनिअर. आपल्याकडच्या पोरांनी टीव्हीवर आणि ट्रम्प कार्डावर अमेरिकन राक्षस बघितलेत, उंची सात फूट आणि वजन दोनशे किलो असले. त्यांना हे ज्युनिअर म्हणजे प्रकार काय ते सांगावं म्हणून हा लेख.

जपानात याची गोडी लावली तात्सुमी फुजिनामीनं. जानेवारी १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्यानं होजे एस्त्रादाला हरवून ज्युनिअर हेवीवेटचा पट्टा घेतला आणि तो घेऊन घरी आला. देखणा गडी, कमावलेलं अंग, पोरी मागं लागायच्या. पण खरा धुरळा उडाला तो २३ एप्रिल १९८१ ला, टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये. हा सुमोचा हॉल. सुमोत वजनगट नसतात हे लक्षात घ्या. तिथं बारक्यानं दीडशे किलोच्या डोंगराला तोंड द्यायचं, नाहीतर घरी बसायचं. त्याच छपराखाली त्या दिवशी वाघाचा मुखवटा घातलेला एक बुटका माणूस आला.

टायगर मास्क हे मुळात चित्रकथेतलं पात्र. साठीच्या दशकाच्या शेवटी ती मालिका जपानी पोरांनी डोक्यावर घेतली होती, आणि १९८१ साली टीव्हीवर नवी कार्टून मालिका येत होती. कंपनीनं म्हटलं, खरा टायगर मास्कच रिंगणात उतरवू. आत होता सातोरू सायामा. त्याआधी तो इंग्लंडमध्ये सॅमी ली नावानं कुस्त्या करत होता, ब्रूस लीचा नातेवाईक असल्याची थाप मारून. पहिल्या दिवशीचा त्याचा मुखवटा बघा, घाईत शिवल्यासारखा दिसतो. गल्लीतल्या गॅदरिंगला पोराला वाघ करतात तसला. समोर इंग्लंडचा डायनामाइट किड, खरं नाव टॉम बिलिंग्टन. तोंडावर माया नावाची चीज नाही. पब्लिकच्या चेहऱ्यावर आधी स्पष्ट दिसतं की ही कसली पोरखेळाची भानगड.

दहा मिनिटांच्या आत कुस्ती संपली, आणि तेवढ्यात सगळं उलटंपालटं झालं. सायामा पायानं काय करतो ते हळू करून बघायला पाहिजे. हात पिरगाळला की सुटायला तो जागेवर पलटी मारतो, पण दिखाव्यासाठी नाही. पिरगाळलेल्या हाताचा पीळ ज्या दिशेनं सुटेल त्याच दिशेला अंग जातं. मग त्याची ती हुलकावणी. गडी बाहेर पडलेला असतो, सायामा पळत येतो, आता हा दोरांतून झेप घेणार म्हणून बाहेरचा हात वर करतो, आणि हा मधल्या दोराला धरून गर्रकन फिरून परत आत उभा. हात वर केलेला तो माणूस तसाच राहतो. आमच्या वस्तादांच्या भाषेत, न लावलेल्या डावानं गार केला.

शेवट जर्मन सुप्लेक्सनं. मागून कंबरेला मिठी, उचलून डोक्यावरून मागं, आणि सोडायचं नाही. स्वतःच्या मानेवर आणि चवड्यांवर पूल टाकून समोरच्याचे खांदे जमिनीला लावून धरायचे, पंचाचे तीन आकडे होईपर्यंत.

हे मी आमच्या तात्यांना दाखवलं. तात्या म्हणजे माझे चुलते, गंगावेस तालमीत घाम गाळलेला माणूस, कान अजून पापडासारखे मोडलेले. त्यांना मुखवट्याचं हसू आलं, उड्यांवर तर ते बोललेच नाहीत. पूल पडला तसे मात्र पुढं सरकले.

"थांब. मागं घे. मान बघ त्याची."

"बघा की, तात्या."

"टाचा वर हाईत अजून. ही मान एका वर्षात न्हाई हुईत."

आणि लगेच, "पण आकडे कशाला मोजत्यात? आभाळ दिसलं की दिसलं. संपलं."

मग आलाच तो प्रश्न. तात्या म्हणाले, ही तर ठरवलेली कुस्ती. आमच्यात याला नुरा म्हणतात आणि असलं करणाऱ्याला लोक मैदानातनं दगड मारून हाकलतात. बरोबर आहे. पण नुरा कुस्तीत चोरी कशाची असते? निकालाची. तिकीट काढून आलेल्याला खरा निकाल दाखवतो म्हणून फसवलेलं असतं. इथं निकाल ठरलेला आहे हे बघणारा धरूनच चालतो, त्यामुळे माझं सगळं लक्ष कामावर जातं. कोण किती वेळेवर पोचला, पडणाऱ्यानं कसं पडून घेतलं, मारणाऱ्यानं कुठं हात राखला आणि कुठं राखला नाही. तात्यांना हे पटलेलं नाही. पटेल असंही दिसत नाही.

शिवाय पडणं ठरवलेलं असलं तरी जमीन काही ठरवून मऊ होत नाही. डायनामाइटनं हे सगळ्यात महाग मोजलं. छोट्या अंगात तो ज्या वेगानं सुप्लेक्स मारायचा, त्यात समोरच्याइतकीच स्वतःची पाठ आपटायची. वरच्या दोरावरून डोकं पुढं करून झेप घ्यायची ही त्याची खासियत. पाठ गेली, पुढं व्हीलचेअर आली, आणि ५ डिसेंबर २०१८ ला, साठाव्या वाढदिवसालाच, तो गेला. त्याच्या जुन्या कुस्त्या बघताना मजा येते, आणि नंतर थोडा वेळ दुसरं काही लावावंसं वाटत नाही.

सायामा टायगर मास्क म्हणून जेमतेम सव्वादोन वर्षं टिकला. ऑगस्ट १९८३ मध्ये कंपनीशी बिनसून तो निघून गेला. तेवढ्यात 'टायगरचा शिकारी' म्हणवणाऱ्या कुनिआकी कोबायाशीनं त्याचा मुखवटा फाडायचा सपाटा लावला होता. त्या कुस्त्या मला डायनामाइटच्या कुस्त्यांपेक्षाही आवडतात. खुन्नस जास्त आहे. इथं माझ्याशी भांडणारे भेटतील, भांडा.

आता माझा माणूस. केइइची यामादा. शाळेत कुस्ती चांगली, पण कंपनीच्या उंचीच्या अटीत बसेना, म्हणून हा गडी सरळ मेक्सिकोला गेला शिकायला. तिथं न्यू जपानच्या लोकांच्या नजरेत आला आणि मग त्यांनीच घेतला. 'डाव आहे, अंग नाही' हे ऐकून मी लेथवर गेलो, तो विमानात बसला. २४ एप्रिल १९८९ ला टोकियो डोममध्ये त्याच कोबायाशीसमोर तो लायगर होऊन उतरला, हाही कार्टूनमधलाच. अंगभर लाल पोशाख, मुखवट्याला शिंगं. बघायला खेळण्यातला, पण जानेवारी १९९० ची नाओकी सानोसोबतची त्याची कुस्ती बघा. मुखवटा फाटलेला, आतून रक्त, आणि सानो थांबायचं नाव घेत नाही.

१६ एप्रिल १९९४. आता जागा सुमोचा नवा हॉल, र्योगोकू. लायगरनं वेगवेगळ्या कंपन्यांचे मिळून १४ ज्युनिअर एका रात्रीच्या स्पर्धेसाठी गोळा केले, नाव सुपर जे-कप. दुपारच्या उन्हातली पोरंच पोरं, आणि मैदान सगळं त्यांचं. उपांत्य फेरीत लायगरसमोर ग्रेट सासुके. उत्तरेकडच्या इवातेतली छोटी कंपनी चालवणारा, मुखवटेवाला. कुस्ती ऐन रंगात असताना सासुके दोरावर उडी घ्यायला जातो आणि पाय घसरून सपशेल खाली. हे ठरलेलं नव्हतं, बघताना लगेच कळतं. दुसरा कुणी असता तर गडबडला असता. लायगर काय करतो? उभा राहून टाळ्या वाजवतो. वा रे पठ्ठ्या! सासुके उठतो, उडी मारून लायगरची मान पायात धरतो, उलटा फेकतो, आणि तीन आकडे. टाळ्या वाजवणारा चीत.

तात्या इथं मांडीवर थाप मारून हसले. "माजला आन् गेला."

अंतिम फेरीत सासुकेला वाइल्ड पेगसस नावाच्या कॅनडाच्या गड्यानं हरवलं. त्याचं खरं नाव क्रिस बेन्वा. २००७ साली त्यानं बायकोचा आणि मुलाचा जीव घेतला आणि मग स्वतःचा. म्हणून मी तो दिवस उपांत्य फेरीपर्यंतच बघतो. सासुके नंतर २००३ मध्ये इवातेच्या प्रांतिक विधानसभेवर निवडून आला आणि मुखवटा घालूनच सभागृहात बसायला लागला. आपल्याकडं पैलवान नगरसेवक झालेत, पण लंगोटावर कुणी सभेला गेल्याचं ऐकिवात नाही.

जपान आणि बारकी माणसं म्हटलं की तात्या खाशाबा जाधवांवर येतात, आणि त्यांचा तो हक्कच आहे. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९४८ ला लंडनला फ्लायवेटमध्ये सहावा, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये ब्राँझ. त्या गटाचं सुवर्ण कुणी नेलं? जपानच्या शोहाची इशीनं, आणि वाटेत त्यानं आपल्या खाशाबांनाही हरवलं होतं. तिथं वजनगट होता म्हणून पदक आलं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात १९१२ पासून कुठंही बसलं तरी कुस्तीचा हौदा दिसतो, शाहू महाराजांनी बांधलंच तसं; पण नंबर एकच्या जोडीत बँटमवेटचा गडी दिसायचा राहिलाच.

नव्यानं बघणाऱ्यानं सुरुवात कुठून करावी? जे-कपनं नको, फार नावं आहेत. ३० एप्रिल १९९२, लायगर विरुद्ध एल समुराई, ज्युनिअरांच्या स्पर्धेची अंतिम फेरी. पहिली काही मिनिटं लायगर नुसता राग काढतो, समुराईचा मुखवटा फाडतो, आणि आपण चक्क लायगरच्या विरोधात जातो. तो नायक असूनही. तिथून मागं सायामाकडं जा, मग पुढं ५ जून १९९७ ला या. तोच समुराई, समोर कोजी कानेमोतो, टोकियोचा बुदोकान हॉल, पुन्हा अंतिम फेरी. या खेपेला समुराई जिंकतो, आणि पाच वर्षांचं उसनं फिटल्यासारखं वाटतं.

लायगरची शेवटची कुस्ती ५ जानेवारी २०२० ला टोकियो डोममध्ये झाली, पंचावन्नाव्या वर्षी. जोडीला कोण होता? ज्यानं तीस वर्षांपूर्वी मुखवटा फाडला तोच सानो. हरले दोघं. हिरोमू ताकाहाशी नावाच्या ज्युनिअर पोरानंच लायगरला चीत केलं. ही कुस्ती तात्यांना अजून दाखवलेली नाही. ते म्हणतात, आधी त्या मानवाल्याच्या आणखी काढ.