मग मी जाऊ का?

बुधवार, 28 ऑगस्ट 2024

आज पहाटे सव्वापाचला मावशी आमच्या पोळी-डब्यांच्या स्वयंपाकघरात कामाला आल्या. छत्री मिटून दाराशी टेकवली, पदराला हात पुसले आणि नेहमीच्या पोळपाटाकडे वळल्या, तर तिथे धाकट्या वहिनी कणीक तिंबून लाटायला बसलेल्या होत्या. मावशींनी काही विचारण्यापूर्वीच मी फोन काढला, पाळ्यांचा ऑनलाइन तक्ता उघडला, बुधवारच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे ‘सु’ आहे ना याची खात्री करून घेतली आणि मगच वर पाहिले. "मावशी, आज तुमची सुट्टी आहे. गुरुवारची बुधवारी केली. रात्री ग्रुपवर टाकलं होतं मी."

"मग मी जाऊ का, ताई?"

मी "हो" म्हणाले. चहा घेऊन जा, असे म्हणेपर्यंत त्या छत्री उघडून पायऱ्या उतरल्या होत्या.

टिटवाळ्याहून पहिल्या-दुसऱ्या लोकलने, भर पावसात आलेल्या बाईला मी दोन मिनिटांत परत पाठवले. काम नव्हते असे मुळीच नाही. साडेतीनशे पोळ्यांची ऑर्डर होती, वहिनी एकट्या होत्या, आणि अकराच्या डब्यांना आम्हाला उशीरही झाला. तरीही मी त्यांना थांबा म्हणाले नाही, कारण तक्त्यात सुट्टी लिहिली होती. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्यात राग असता तर मी उत्तर तरी दिले असते. त्यांच्या आवाजात फक्त परवानगी मागणे होते.

काल दहीहंडी होती. रात्री पावणेबारापर्यंत चौकात ढोल-ताशे चालू होते आणि झोप येत नव्हती, म्हणून मी आठवड्याचा तक्ता उघडून बसले. एकीने गुरुवार मागितला होता. मावशींची गुरुवारची सुट्टी उचलून बुधवारी ठेवली की सगळे नीट बसत होते, म्हणून बोटाने तक्त्याच्या दोन घरांत अक्षरे बदलली आणि चित्र काढून ग्रुपवर टाकले. मावशींचा फोन मुलाकडे असतो आणि मुलगा गोविंदा पथकात, हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या सरावाबद्दल त्यांनीच मला सांगितले होते, आणि मी "त्याला जपायला सांगा" असेही म्हटले होते.

आधी पाळ्या लावणाऱ्या काकांच्या वहीत हे इतके सोपे नव्हते. फुलस्केप वही, पट्टीने आखलेल्या लाल रेषा, डावीकडे अकरा नावे, आणि सकाळ, दुपार, सुट्टी यांची ‘स’, ‘दु’, ‘सु’ ही अक्षरे पेन्सिलीने लिहिलेली. कोणाची सुट्टी हलवायची तर काका आधी त्या बाईला हाक मारत, ती पिठाचे हात घेऊन यायची, दोघांत थोडी घासाघीस व्हायची, आणि मग खोडरबर फिरायचा. त्या जागी कागद काळपट व्हायचा, कधी पातळ होऊन फाटायचा, आणि पिठाच्या बोटांचा एक पांढरा ठसा कडेला राहायचा. मला त्या खाडाखोडीची चीड यायची. वही बंद करताना मी काकांना म्हणाले होते की आता एकही खाडाखोड दिसणार नाही. काकांनी मान डोलावली आणि पेन्सिल कानामागे ठेवून दिली. ती वही सासूबाईंनी सुरू केलेली होती. त्याबद्दल आज लिहवत नाही.

खाडाखोड म्हणजे कोणीतरी कोणालातरी विचारल्याची खूण होती, हे मला आज पहाटेपर्यंत कळले नव्हते.

मग मीही थोडी चिडले, ते लिहून टाकते. हा तक्ता मी माझ्यासाठी केला का? सलग तीन रविवार बसून सूत्रे शिकले, घरी कोणी विचारले नाही की जेवलीस का. तीन वेळा तोच ‘स’ कोणी ‘सकाळ’ लिहिला, कोणी ‘S’, आणि बेरीज कोलमडली. सगळ्यांना आपल्या पाळ्या घरबसल्या कळाव्यात, कोणाला भिंतीवरचा कागद बघायला यावे लागू नये, एवढीच इच्छा होती. आणि ज्यांच्यासाठी केले त्यांच्यातल्याच एका बाईने छत्री उघडली आणि निघून गेली. दुपारी डबे भरताना मला हे इतके लागले की डोळे भरून आले आणि मी कांद्याचे निमित्त केले. श्रावण आहे, आठवडाभर आमच्याकडे कांदा चिरलेला नाही, हे सगळ्यांना दिसत होते.

दुपारी चारला सामसूम झाल्यावर लॅपटॉप उघडला. या तक्त्यात बदलांचा इतिहास असतो; एखाद्या घरावर जाऊन पाहिले की आधी काय लिहिले होते, कोणी बदलले, किती वाजता, हे सगळे दिसते. मावशींच्या बुधवारच्या घरावर गेले. ‘स’ होता, त्याचा ‘सु’ झाला, रात्री 11:42, आणि खाली माझे नाव. म्हणजे खाडाखोड पुसली गेलेली नाही. ती फक्त मावशींना दिसत नाही, मला दिसते. त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत बसले.

तिथेच जुने आठवडेही होते. तक्ता तपासून पाहायला मी वहीतली जुलैची पाने त्यात उतरवली होती, तेव्हा आषाढी एकादशीच्या आठवड्यात, फराळाच्या ऑर्डरींच्या गडबडीत, मावशींचे 53 तास भरल्याचे बेरजेने दाखवले होते. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे तेव्हा दहा किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर होता. आम्ही अकरा आहोत. वरच्या पाच तासांचे पैसे मी जुलैच्या पगारात दिले, पण त्याआधीच्या वर्षांत वहीच्या कोणत्या पानावर किती तास असेच निघून गेले, ते आता कोण मोजणार? काका प्रामाणिक आहेत. पेन्सिलीचा ‘स’ मात्र किती वाजता संपला हे सांगत नाही, आणि मावशीही सांगत नाहीत. त्या तेव्हाही फक्त "मग मी जाऊ का?" एवढेच विचारत असतील, रात्री उशिरा, आणि कोणीतरी "जरा थांबा" म्हणत असेल.

गणपती दहा दिवसांवर आले आहेत. तिघे पाच तारखेला कोकणात निघतील. रेल्वेचे आरक्षण यंदा 120 दिवस आधी उघडले म्हणून मे महिन्यातच त्यांनी काकांना सांगून ठेवले होते, आणि वहीच्या शेवटच्या पानावर गाडीसकट नोंद आहे. गौरी 10 तारखेला येतात, म्हणजे उरलेल्या बायकांपैकी निम्म्यांना त्या तीन दिवसांतला एक तरी दिवस हवा. उकडीचे मोदक करणाऱ्या हातांत मावशींचा हात पहिला. त्यांच्या पारीला चिरा पडत नाहीत. तक्त्याशिवाय हे मला जमणार नाही, आणि वहीकडे परत जाण्याचा विचारही मी करत नाही.

सात वाजता मावशींच्या मुलाला फोन लावला. त्याने आईला दिला. मी म्हटले, "मावशी, सकाळी चुकलं माझं. आजचा दिवस पगारात धरते. उद्याचं काय?" पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "उद्या नातीला डोस द्यायला न्यायचं होतं. पण येते मी, सूनबाई नेईल." मी म्हटले, "नाही, तुम्हीच न्या."

काकांना विचारून त्यांच्या टेबलाच्या खणातली पेन्सिल घेतली आणि ग्रुपवर टाकण्याआधी आठवड्याचा कागद छापून खिळ्याला लावला. पुढचा कोणताही बदल आधी त्यावर, ज्याची पाळी आहे त्याच्या समोर. तक्त्यात अकरा नावांखाली बारावी ओळ घातली आणि तिथे माझे नाव लिहिले. गुरुवार, ‘स’. गजर साडेचारचा लावला आहे.