दहा वाजता माझे हात बरे असतात

मी एसटीत वाहक आहे, परभणी-जिंतूर रोडवर. वय अडतीस, पदरात दोन लेकरं, घरात आत्याबाई, नवरा मोंढ्यात आडतीवर मुनीम. आणि काही वर्षांपासून संधिवात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे, रुमॅटॉइड. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीत धरतो आणि पुरुषांपेक्षा बायांना दोन-तीन पट जास्त होतो. म्हणजे नोकरी, लेकरांच्या शाळा, घराचे हप्ते असं सगळं अंगावर असतं त्याच वयात.

लोक म्हणतात, तुमच्याकडं बघून वाटत नाही. कसं वाटणार? लोक मला दहाच्या पुढं भेटतात. दहाला माझे हात बरे असतात. पहाटे पाचला घरी येऊन बघा. मूठ वळत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा कातरायला कात्री धरता येत नाही, तर तो दातानं तोडते. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडायला पोराला उठवावं लागतं. कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून आतल्या आत बोटं उघडझाप करत बसते, तेव्हा हळूहळू एकेक पेर सुटतं. डॉक्टरांचा पहिला प्रश्नही हाच होता, सकाळी किती वेळ आखडतं? झिजेच्या दुखण्यात माणूस साधारण अर्ध्या तासात मोकळा होतो. यात तासभर जातो, कधी जास्तच. शिवाय दोन्ही हातांची तीच ती बोटं धरतात, मुळाची आणि मधली पेरं. नखाजवळची सहसा सुटतात.

हे कळायला वेळ गेला. आधीच्या दवाखान्यात आरए फॅक्टर, म्हणजे या आजाराची नेहमीची रक्ततपासणी, निगेटिव्ह आला आणि चिकनगुनियाचं राहिलेलं असेल म्हणून दुखण्याच्या गोळ्यांवर भागवलं. आपल्याकडं चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळं पटलंही. पुढं छत्रपती संभाजीनगरच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी अँटी-सीसीपी नावाची दुसरी रक्ततपासणी करायला लावली, ती पॉझिटिव्ह निघाली. फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं नसतं. अजून तिकडंच जाते, सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं. एसटीचं खाऊन रेल्वेनं फिरते म्हणून ड्रायव्हर लोक चिडवतात. चिडवू द्या. रेल्वेत मधे उठून चार पावलं टाकता येतात.

सल्ल्यांना तोटा नाही. वांगं सोड, दही सोड, चिंच तर घरात आणूच नको. मी दही खाते. निरगुडीच्या पाल्याचा शेक आत्याबाई देतात तो घेते, बरं वाटतं, आणि त्यांनाही बरं वाटतं. पण बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या वाताच्या पुड्यांना हात लावत नाही. शेजारच्या काकूंनी त्या खाल्ल्या. दोन दिवसांत ठणका गायब, काकू गल्लीभर सांगत फिरल्या. मग तोंड सुजलं, साखर वाढली. असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइड डॉक्टरही देतात, पण मोजून आणि उतरवत उतरवत.

आता कामाचं. घंटीची दोरी बोटांनी ओढायची सोडली, मनगटाच्या वर वेढा घेऊन कोपरानं ओढते. गाडीचं दार खांद्यानं लोटते. मशीनची बटणं अंगठ्याऐवजी आलटून पालटून बोटांनी दाबते. खरा वैताग सुट्ट्या पैशांचा. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं. गाड्या बायांनी भरून वाहायला लागल्या, माझ्या जिवाला बरं वाटलं, पण अर्ध्या तिकिटाला सुटे पैसे फार लागतात. चामड्याच्या बॅगेच्या तळाशी पडलेलं रुपयाचं नाणं सुजलेल्या बोटांनी उचलून बघा. नाणं चपटं पडतं, नख खाली जात नाही, चिमूट मिटत नाही, आणि मागून कुणीतरी म्हणतं, ‘आवं ताई, उतरायचंय!’ त्यावर मी तळहात वापरते. नाणं बॅगेच्या कडेपर्यंत घासत आणायचं आणि दुसऱ्या तळहातावर पाडायचं. मोबाइलनं पैसे देणारं पोरगं भेटलं की मनातल्या मनात त्याला आशीर्वाद देते.

घरी ज्वारीची भाकरी थापणं बंद झालं. उघड्या तळव्यानं थापायचं म्हणजे प्रत्येक थापेला मनगटात कळ. आता नवरा थापतो. सुरुवातीच्या भाकरी जिल्ह्याच्या नकाशासारख्या व्हायच्या. आत्याबाईंना ते बघवत नव्हतं, पण त्यांनी एक शब्द काढला नाही. अलीकडं त्यांच्यासमोर तो मुद्दाम परात घेऊन बसतो.

औषधांत मुख्य मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. मी साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री घेते, कारण दुसऱ्या दिवशी मळमळतं आणि तोंडाला चव नसते. गाडीत ओकाऱ्या काढण्यापेक्षा घरी पडलेलं बरं. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. रक्ताच्या पेशी आणि लिव्हर ठरल्या वेळी तपासायचे. मूल हवं असेल तर डॉक्टरांना फार आधी सांगायचं, कारण मेथोट्रेक्सेट गर्भाला चालत नाही. गुण यायला दीड-दोन महिने सहज लागतात, आणि तेवढ्यातच बरीच माणसं कंटाळून सोडतात. दुखण्याची गोळी फक्त ठणका मारते. आतलं हाड खाणं मेथोट्रेक्सेट रोखते.

एकदा झरीला एक मावशी चढल्या. तिकीट फाडताना पाहिलं, ओठ आतून सोललेले, बोलताना त्रास. पिशवीतून पैसे काढताना औषधाचं पाकीट खाली पडलं. उचलून दिलं तर माझीच पिवळी गोळी.

‘मावशी, ही कधी घेता?’

‘रोज एक माय, जेवल्यावर.’

चिठ्ठी बघितली. आठवड्यातून एकदा, असं लिहिलेलं होतं. घरी वाचणारं कुणी नव्हतं. ही गोळी रोज घेतली तर तोंड सोलतं, पेशी कोसळतात, जीवही जातो. मी त्यांना गोळी बंद करायला सांगितलं, लेकाला फोन लावून दिला आणि परभणीत उतरल्यावर रिक्षात बसवून थेट सरकारी दवाखान्यात धाडलं. त्या दिवशी पुढची फेरी उशिरा सुटली. पुढं केव्हातरी त्या परत गाडीत भेटल्या. मी विचारलं, ‘वार कोणता?’ म्हणाल्या, ‘सोमवार.’ आणि पाकिटावर लेकानं पेनानं काढलेला मोठा ‘सो’ दाखवला.

माझ्यापुरतं सांगते. गोळ्यांइतकाच गुण मला ड्युटीच्या वेळेनं दिला. पहिली गाडी म्हणजे पहाटे चारला उठणं, आणि हात तेव्हा माझे नसतातच. मुक्कामी गाडीचंही तेच, दुसऱ्या गावी गार पाण्यानं सकाळ काढायची. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, त्यात सकाळचा ताठरपणा असं स्पष्ट लिहून घेतलं आणि साहेबांना भेटले. संधिवात एवढाच शब्द लिहिला तर समोरचा माणूस आपल्या आजीचे गुडघे आठवतो. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि दुपारपाळी लावून दिली. बदल्यात रात्रीच्या फेऱ्या माझ्याकडं आल्या. लेकरांचा अभ्यास आता सकाळी घ्यावा लागतो, रात्री मी घरात नसते. फुकट काहीच नाही.

थंडीत परभणीचा पारा कृषी विद्यापीठाच्या नोंदीत सहा अंशांवर येतो, आणि थंडीत माझा ताठरपणा लांबतो. म्हणून हिवाळ्यासाठी दुपारपाळीचा अर्ज मी दिवाळीआधीच देते. यंदाचा परवा दिला, पोच घेऊन ठेवलीय.