तुम्ही विचारलंत म्हणून: "तेवढा मागचा आवाज काढून देता का?"

"दादा, मागे जरा फ्रिजचा आवाज आलाय, एआयने एका क्लिकमध्ये जातो ना आता?" शॉर्ट फिल्मवाली पोरं महिन्यातून दोनदा तरी हे विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी सांगा, कसला आवाज. फॅन, एसी, फ्रिज असं एकसुरी चालू असलेलं बऱ्यापैकी जातं, सॉफ्टवेअरला नुसत्या घरघरीचा छोटा तुकडा ऐकवायचा, मग ते सगळीकडून तेवढंच वजा करतं. वायरिंगची हम, म्हणजे विजेची ती गुणगुण, तर अजून सोपी, आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून हम पण 50, 100, 150 अशीच सापडते. हॉर्न स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रात, चक्क रेघांसारखा दिसतो, हाताने खोडायचा, वेळखाऊ काम. पण शेजारच्या टीव्हीवरची मालिका डायलॉगखाली आली की संपलं, कारण तोही माणसाचाच आवाज. तांदळातले खडे निवडता येतात हो, आमटीतलं मीठ कसं निवडणार?

मागे सदाशिव पेठेतल्या एका स्वयंपाकघराचा सीन आला होता. माइक लांब, त्यामुळे गेन (रेकॉर्डिंगचा जोर) चढवलेला, म्हणजे फ्रिज तर होताच, वर हिस, ती सततची 'स्स्स'. आणि डायलॉग काय, तर "सासूबाई, साखर संपलीय"! 'स' हा मुळात हिसच, दोघं एकाच पट्ट्यात राहतात. मी जोर लावला तर सूनबाई पाण्याच्या टाकीत बसून "थाथूबाई, थाखर थंपलीय" म्हणायला लागल्या. निम्मा नॉइज परत आणला तेव्हा कुठे माणसात आल्या.

त्यात भर म्हणजे एका टेकमध्ये फ्रिज चालू, दुसऱ्यात कॉम्प्रेसर बंद पडलेला, प्रत्येक कटला कानात खड्डा. रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, कोणी घेतलाच नव्हता. मग "ॲक्शन" आणि पहिल्या शब्दाच्या मधली शांतता, प्रत्येक टेकची अर्धा-पाऊण सेकंद, ती गोळा करून जोडली आणि पूर्ण सीनखाली अंथरली. म्हणजे पोरांनी फ्रिज काढायला दिलेला आणि मी तो जिथे नव्हता तिथेही घातला, तरी "दादा, एकदम क्लीन झालं" असा मेसेज आला.

तेव्हा शूटला मिनिटभर सगळे गप्प बसा आणि तेवढं रेकॉर्ड करा. आणि फ्रिज बंद करून गाडीची किल्ली आतच ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घरी जाता येणार नाही. आम्ही एकदा विसरलो होतो, घरमालकीणबाईंचं दोन किलो श्रीखंड भरून द्यावं लागलं.